चिमूटभर केस आणि एक कागदी पाकीट

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: गावातल्या कुत्र्यांच्या बुरशीजन्य त्वचारोगाची तपासणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांतून सुरू करण्याबाबत



मी वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या जऊळक्यात राहते आणि मुलांना शिकवते. हे पत्र आमच्या गावातल्या कुत्र्यांच्या कातडीविषयी आहे. चारा, दूध, लसीकरण अशी मोठी कामे आपल्यापुढे आहेत हे मला ठाऊक आहे. तरीही हे पत्र शेवटपर्यंत वाचावे ही विनंती, कारण हा रोग कुत्र्याच्या कातडीवर थांबत नाही. तो पोरांच्या मानेवर, हातांवर आणि डोक्यात येतो. आणि माझे मागणे फार मोठे नाही. कुत्र्याच्या चट्ट्यावरचे चिमूटभर केस कागदी पाकिटात घालून अकोल्याच्या प्रयोगशाळेत जावेत आणि त्याचे उत्तर गावात परत यावे, एवढी सोय मला हवी आहे.

श्रावण सरता सरता आमच्याकडे कुत्र्यांच्या अंगावर चट्टे दिसू लागतात. कुणाच्या कानामागचे केस जातात, कुणाच्या नाकाडावर गोल टक्कल पडते, कुणाची सगळी पाठ कोंड्याने भरते. गावात या सगळ्याचे निदान एकच असते, लूत. एकदा लूत म्हटले की त्या कुत्र्याला ओट्यावर जागा मिळत नाही, भाकर मिळत नाही. दिसेल तिथून ते हाकलले जाते आणि हाकलले गेले की रोग घेऊन पुढच्या गल्लीत जाते.

वास्तविक या चट्ट्यांमागे निदान तीन वेगळे आजार असू शकतात. पहिला म्हणजे खरी लूत. सार्कोप्टिस नावाचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा किडा कातडीत बीळ करून राहतो. कानांच्या कडा, कोपरे, पोट ही त्याची जागा. खाज इतकी भयंकर की जनावराला झोप लागत नाही. जवळ राहणाऱ्या माणसालाही काही दिवस खाज सुटते. दुसरा आजार डेमोडेक्स या किड्याचा. हा केसांच्या मुळाशी राहतो, पिल्लाला जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आईच्या अंगावरून मिळतो आणि पिल्लू अशक्त असेल तर वाढतो. तो एका कुत्र्याकडून दुसऱ्या मोठ्या कुत्र्याला सहसा लागत नाही आणि माणसाला लागत नाही. तिसरा आजार बुरशीचा, म्हणजे गजकर्णाचा. तो कुत्र्यालाही होतो, मांजरालाही होतो आणि माणसालाही.

किड्यांची आणि बुरशीची औषधे वेगळी आहेत. किड्यांसाठी दिले जाणारे आयव्हरमेक्टिन बुरशीला काहीच करत नाही आणि बुरशीवर पोटातून दिले जाणारे औषध किड्यांना हात लावत नाही. शिवाय नुसते पाहून हे आजार खात्रीने वेगळे सांगता येत नाहीत. अनुभवी पशुवैद्यकालाही सूक्ष्मदर्शकाखाली कातडीची खरवड आणि केस बघावे लागतात. आमच्या गावांत ही पायरी जवळपास कधीच चढली जात नाही.

मग काय होते? कुणी ट्रॅक्टरचे जळके ऑईल कुत्र्याच्या अंगाला फासतो, कुणी रॉकेल ओततो, कुणी मोरचुदाचे पाणी. फवारणीच्या डब्यातले उरलेले औषध अंगावर टाकणारेही आहेत. बहुतेकांचा हेतू वाईट नसतो. जनावराचे हाल बघवत नाहीत आणि हाताशी जे आहे ते माणूस वापरतो. पण कुत्रे आपले अंग चाटते. तेल, रॉकेल, कीटकनाशक सगळे पोटात जाते. आधीच फुटलेली कातडी भाजून निघते, त्यात जिवाणू शिरतात आणि जे कुत्रे गजकर्णाने मेले नसते ते उपचाराने मरते. दुःखाची गोष्ट ही की गजकर्ण झालेले धडधाकट कुत्रे बहुधा काही आठवड्यांत किंवा दोन-चार महिन्यांत आपोआपही बरे होते. प्रश्न एवढाच की तोवर त्याच्या अंगावरून बुरशी सगळीकडे सांडत राहते.

ही बुरशी जगते कशी, हे इथे सांगणे भाग आहे. केस, नखे आणि कातडीचा वरचा थर ज्या केराटिनचा बनतो, ते केराटिन हेच तिचे अन्न. ती केसात शिरते, केस ठिसूळ होऊन तुटतो आणि त्या तुटक्या केसात असंख्य बीजाणू असतात. कुत्र्यांमध्ये मुख्यतः तीन बुरशी सापडतात. मायक्रोस्पोरम कॅनिस ही बऱ्याचदा मांजरांकडून येते, आणि मांजर वरून अगदी निरोगी दिसत असतानाही ती बाळगून असू शकते. नॅनिझिया जिप्सिया मातीत राहते. म्हणून ओल्या मातीत खड्डा उकरून बसणाऱ्या कुत्र्याच्या नाकाडावर आणि पंजांवर तिचे चट्टे आधी उठतात. ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस उंदरांकडून येऊ शकते, आणि सोयाबीनच्या गंजीभोवती कुत्र्यांना उंदीर धरताना आम्ही रोज पाहतो. मायक्रोस्पोरम कॅनिसचे बीजाणू कोरड्या जागी दीड वर्षापर्यंत तग धरू शकतात. ज्या गोणपाटावर कुत्रे झोपले ते गोणपाट, ज्या ओट्याला त्याने अंग घासले तो ओटा, हे सगळे रोगाचे घर होते. कुत्रे हाकलून दिले तरी रोग घरातच राहतो, तो असा.

आता आमच्या गावाचे वर्ष बघा. भाद्रपद हा कुत्र्यांच्या मिलनाचा काळ. त्यानंतर साधारण नऊ आठवड्यांनी, कार्तिक-मार्गशीर्षात, पिल्ले होतात. पिल्लांची प्रतिकारशक्ती कमी असते, म्हणून गजकर्ण त्यांनाच सर्वांत आधी धरतो. नेमक्या त्या थंडीत शाळेतली मुले ही पिल्ले उचलतात, स्वेटरच्या आत घेतात, मांडीवर झोपवतात. वयात न आलेल्या मुलांच्या डोक्याला हा संसर्ग मोठ्यांपेक्षा सहज होतो. पावसाळ्यात कुत्र्याच्या अंगावर दिसलेला चट्टा हिवाळ्यात मुलाच्या मानेवर दिसतो. मधली साखळी कोणी पाहत नाही, कारण मुलाची कातडी आरोग्य खात्याकडे आहे, कुत्र्याची कातडी आपल्या खात्याकडे आहे, आणि गावातल्या मोकळ्या कुत्र्याची कातडी कुणाकडेच नाही.

मुलाला चट्टा उठल्यावर घरात काय होते, तेही सांगते. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब येते. तीत बुरशीनाशक असते, प्रतिजैविक असते आणि जोडीला जोरकस स्टेरॉइड असते. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, घरच्यांना हायसे वाटते. प्रत्यक्षात कातडीची लढण्याची ताकद कमी झालेली असते आणि बुरशी आतल्या आत पसरते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये कातडीवर लावायची चौदा स्टेरॉइडे अनुसूची एच मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी अशा ट्यूब आजही सहज हाती येतात. आणि घरात ट्यूब असली की उरलेली कुत्र्याच्या चट्ट्यालाही लावली जाते.

भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत माणसांतला गजकर्ण फार चिवट झाला आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी यावर सातत्याने आवाज उठवला आहे. टर्बिनाफिनसारख्या हुकमी औषधाला दाद न देणाऱ्या एका बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले. आपल्या उपखंडातून ती आता जगभर पोचली आहे. ती मुख्यतः माणसाकडून माणसाला लागते. म्हणजे एखाद्या घरातल्या सगळ्यांना गजकर्ण झाला तर त्याचा दोष दारातल्या कुत्र्याचा असेलच असे नाही. अनेकदा नसतोच. इथेच तपासणीचे महत्त्व कळते. तपासणीने दोषी कळतो आणि निर्दोष सुटतो. आज आमच्या गावात पुराव्याशिवाय शिक्षा मिळते ती कुत्र्याला, आणि मुलाचा रोग तसाच राहतो.

कुत्र्याच्या बुरशीजन्य रोगाकडे गांभीर्याने पाहणारा मुलूख जगात आहे. अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवरच्या सोनोराच्या वाळवंटात, ॲरिझोना राज्यात, कॉक्सिडिऑइडिस नावाची बुरशी मातीत राहते. तिच्यामुळे होणाऱ्या रोगाला तिथे व्हॅली फीव्हर म्हणतात.  पाऊस पडला की ही बुरशी मातीत वाढते आणि पुढे जमीन सुकून धूळ उडाली की तिचे बीजाणू श्वासावाटे फुप्फुसात जातात. नाक जमिनीला लावून हुंगणारे आणि माती उकरणारे कुत्रे तिच्या तावडीत सहज सापडते. आधी खोकला, ताप, मग काही कुत्र्यांत रोग हाडांत उतरतो आणि कुत्रे लंगडू लागते. ॲरिझोना विद्यापीठात या एका रोगासाठी स्वतंत्र केंद्र आहे. तिथल्या सर्वाधिक बाधित तीन परगण्यांत दर वर्षी शंभरातली सहा ते दहा कुत्री या रोगाने आजारी पडतात, असा त्या केंद्राचा अंदाज आहे. औषध अनेक महिने, कधी वर्षभर चालते. कुत्र्यांसाठी लस तयार करण्याचे कामही तिथे बरेच पुढे गेले आहे.

तो रोग आपल्या मातीतला नाही, त्यामुळे त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. तो कुत्र्याकडून माणसाला लागतही नाही. तरीही तिथे कुत्रे लंगडले, खोकले की पशुवैद्यक रक्ताची तपासणी करून घेतो. कुत्रे आणि माणूस एकाच धुळीत श्वास घेतात, म्हणून कुत्र्याचा आजार माणसालाही सावध करतो, हे त्या लोकांनी ओळखले आहे. आमच्याकडचा गजकर्ण तर कुत्र्याकडून माणसाला थेट लागणारा आहे. मग आमच्याकडे तपासणीची गरज जास्त की कमी? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रथमच घातक बुरशींची प्राधान्य यादी काढली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, कोविडमागोमाग आलेल्या म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात किती माणसांचे डोळे आणि जबडे नेले हे आपण सर्वांनी पाहिले. उशिरा ओळखलेल्या बुरशीची किंमत या राज्याला कुणी समजावून सांगायला नको. गजकर्ण जीव घेत नाही. पण तो ओळखायची सवय लागली तर गावपातळीवर बुरशी ओळखणारे हात तयार होतील.

आणि आपले खाते मनावर घेते तेव्हा काय करू शकते, हेही आम्ही पाहिले आहे. २०२२ मध्ये गोवंशात लम्पीची मोठी साथ आली. अकोला, बुलढाणा, वाशीम या आमच्या पट्ट्याने मोठा तडाखा सोसला. तेव्हा राज्याने मोफत लस दिली, गोठ्यागोठ्यांत माणसे फिरली, मेलेल्या जनावरांची भरपाईही दिली. तोही कातडीवर दिसणारा आजार होता. गाय-बैलासाठी जे शक्य झाले त्याचा शंभरावा हिस्साही मी कुत्र्यांसाठी मागत नाही.

जी साधने लागतात ती बहुतांशी आपल्याकडे आहेत. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पशुवैद्यक संस्था अकोल्यात आहे, आणि जऊळक्याचे रेल्वेस्थानक अकोला-पूर्णा मार्गावरच आहे. गजकर्णाचा नमुना पाठवायला बर्फ लागत नाही, शीतपेटी लागत नाही. चट्ट्याच्या कडेचे तुटके केस आणि कोंडा चिमट्याने काढायचा, किंवा नव्या टूथब्रशने अंगावरून केस गोळा करायचे, आणि साध्या कागदी पाकिटात ठेवायचे. प्लास्टिकमध्ये ओल धरते, जिवाणू माजतात आणि नमुना नासतो. कागदात केस कोरडे राहतात आणि बुरशी कित्येक दिवस जिवंत राहते. प्रयोगशाळेत सॅबुरो माध्यमावर ती वाढवायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर गावातल्या दवाखान्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून तोच केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पहिला अंदाज त्याच दिवशी मिळू शकतो. वूड्स लॅम्पच्या जांभळ्या उजेडात मायक्रोस्पोरम कॅनिस लागलेले केस अनेकदा हिरवे चमकतात. बाकीच्या दोन बुरशी चमकत नाहीत, म्हणून दिवा चमकला नाही तर रोग नाही असे समजायचे नाही. एवढे प्रशिक्षण एका दिवसात होऊ शकते.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या अशा आहेत.

१. तालुका लघुपशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयांत आणि श्रेणी-१ दवाखान्यांत कातडीच्या तपासणीसाठी सूक्ष्मदर्शक, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि वूड्स लॅम्प असावेत, आणि ते वापरात राहावेत.

२. कुत्र्या-मांजरांच्या केसांचे नमुने टपालाने अकोल्याच्या संस्थेत पाठवण्याची अधिकृत सोय व्हावी. त्याचे शुल्क गावाच्या माथी पडू नये आणि निकाल पाठवणाऱ्या दवाखान्याला फोनवर कळावा.

३. केसपेपरवरच्या मालकाच्या रकान्यात, कुत्र्याला मालक नसेल तेव्हा, ग्रामपंचायतीचे नाव लिहिण्याची मुभा मिळावी. मालक नाही म्हणून उपचार नाही, हे थांबावे. १९६२ या दूरध्वनी क्रमांकावरच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकालाही तसे निर्देश असावेत.

४. बुरशीवरची पोटातून द्यायची औषधे आणि अंगावर लावायची द्रावणे दवाखान्यांच्या औषधखरेदीच्या यादीत कुत्र्यांसाठी म्हणून यावीत. कोणते औषध, किती दिवस, हे पशुवैद्यकाने ठरवावे.

५. कुत्र्यात गजकर्ण निघाला तर त्या वस्तीतल्या आशाताईंना आणि शाळेला कळवावे. तसेच मुलांच्या डोक्यात गजकर्ण निघाला तर प्राथमिक आरोग्य केंद्राने पशुवैद्यकाला कळवावे.

आणखी एक कारण आहे, ज्यामुळे हे काम आता लांबवता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातली मोकाट कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. जऊळक्याला स्थानक आहे, शाळा आहे. वेगवेगळ्या ठिकाणची कुत्री एका छताखाली दाटीने ठेवली की गजकर्ण किती झपाट्याने पसरतो, हे जगभरच्या निवाऱ्यांचा कारभार पाहणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. एक बाधित पिल्लू सगळा निवारा बाधित करते, आणि पिंजरे, पट्टे, कामगारांचे हात यांतून तो फिरत राहतो. निर्बीजीकरणासाठी धरलेली कुत्रीही काही दिवस पिंजऱ्यात असतातच. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांखाली जिथे जिथे कुत्री धरली जातील, तिथे आत घेण्याआधी कातडीची तपासणी आणि संशयित कुत्र्याला वेगळे ठेवणे सक्तीचे व्हावे. नाहीतर एका अडचणीवरचा उपाय दुसरी साथ घेऊन येईल.

कुत्र्यांच्या चाव्याने आणि रेबीजच्या भीतीने लोक त्रस्त आहेत, हे मी नाकारत नाही. लसीकरण आणि निर्बीजीकरण झालेच पाहिजे. पण ज्या कुत्र्याला लोक जवळ येऊ देत नाहीत, ते लस टोचायलाही हाती लागत नाही. चट्ट्यावर उपचार करणाऱ्या हाताला कुत्रे ओळखू लागते, तेव्हा रेबीजची लस देणेही सोपे होते. त्वचेचा दवाखाना हा रेबीजच्या लढाईचाही दरवाजा आहे.

आमच्याकडे कुत्रे हे नुसते रस्त्यावरचे जनावर नाही. हरभरा आणि तूर उभी असते तेव्हा रोही आणि रानडुकरांपासून वावर राखायला शेतकरी रात्रभर जागल करतो, आणि त्याच्याबरोबर धुऱ्यावर कुत्रे जागते. मेंढपाळाचा वाडा कुत्र्याच्या भरवशावर झोपतो. याच वाशीम जिल्ह्यातले कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. दत्तदर्शनाला जाणारा प्रत्येक जण दत्ताच्या पायाशी उभी असलेली चार कुत्री पाहतो आणि त्यांनाही हात जोडतो. ज्या मातीने कुत्र्याला देवाच्या पायाशी जागा दिली, त्या मातीत त्याच्या पाठीवर जळके ऑईल पडते, हे मला सहन होत नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा अशा छळाला गुन्हा म्हणतो. पण फक्त कायद्याचा धाक दाखवून लोक ऑईलचा डबा खाली ठेवणार नाहीत. खरे औषध हाताशी आले की ठेवतील.

गावाच्या वाट्याचे काम आम्ही करू. चट्टे दिसलेल्या पिल्लाला मुलांनी उचलू नये, उचलले तर साबणाने हात धुवावेत, कुत्र्याचे गोणपाट जाळावे किंवा उकळत्या पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवावे, स्टेरॉइडची ट्यूब चिठ्ठीशिवाय आणू नये, हे मी मुलांना आणि त्यांच्या आयांना सांगत राहीन. ग्रामसभेत ठराव मांडण्याचीही आमची तयारी आहे. ग्रामपंचायतीच्या नावाने केसपेपर काढायचा असेल तर त्याची जबाबदारी घेणारी माणसे गावात आहेत.

वाशीम हा २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. या यादीतून आमच्या जिल्ह्याने वर यावे असे आपल्यालाही वाटत असणार. तर मग हा छोटा प्रयोग इथूनच सुरू करा. मालेगाव तालुका घ्या, येत्या भाद्रपदाच्या आधी पाकिटे आणि सूक्ष्मदर्शक द्या, आणि पिल्लांचा व थंडीचा हंगाम संपेपर्यंत नोंदी ठेवा. किती कुत्र्यांना खरोखर लूत होती, किती कुत्र्यांना गजकर्ण, किती मुलांना तो त्यांच्याकडून आला आणि किती मुलांना मुळीच त्यांच्याकडून आला नाही, हे एका वर्षात कळेल. ते कळले की पैसा कुठे खर्च करायचा हे आपल्याला अंदाजाने ठरवावे लागणार नाही. आम्ही नमुने द्यायला तयार आहोत. आपण ते तपासण्याचा आदेश द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
जऊळका (ता. मालेगाव, जि. वाशीम) येथील एक शिक्षिका